‘कल्पना’ (1948): एका नृत्यसंस्थेची कहाणी

बॅले हे युरोपीय नृत्य असले, तरी भारतात कथा सांगणाऱ्या समूहनृत्यालाही हे नाव रूढ झाले. त्यात उदय शंकर यांचा वाटा मोठा आहे. 1923 मध्ये ते लंडनमध्ये अ‍ॅना पाव्हलोवा यांच्यासोबत नाचले. पुढे अल्मोड्याला त्यांनी कलाकेंद्र उभारले. तेथे शंकरन नंबुद्री कथकली शिकवत, तर अमोबी सिंग मणिपुरी. महायुद्धाच्या काळात पैशाअभावी केंद्र बंद पडले.

त्यानंतर उदय शंकर यांनी मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत ‘कल्पना’ चित्रित केला. नायक उदयन हिमालयात कलाकेंद्र काढतो. तेथे तालमी आहेत, उमा आणि कामिनी यांची चढाओढ आहे आणि पैशाची विवंचनाही. ही कथा एक लेखक चित्रपट-निर्मात्याला ऐकवतो. निर्माता ती नाकारतो.

हा चित्रपट इतिहासाचे साधन म्हणून वाचताना एक भान ठेवा: ही संस्थापकाची बाजू आहे. शिष्यांची बाजू पडद्याबाहेर शोधावी लागते. अल्मोड्यात शिकलेले गुरुदत्त 1944 मध्ये पुण्याच्या प्रभातमध्ये आले. तेथेच घडलेल्या शांती बर्धन यांनी 1952 मध्ये मुंबईत लिटल बॅले ट्रूप स्थापन केला. केंद्र मिटले, पण तेथील शिक्षण महाराष्ट्रात चालत राहिले.