मुक्या रोग्याला धरणारे हात

मनुष्य आजारी पडला म्हणजे वैद्याच्या पहिल्या प्रश्नाला तो स्वतःच उत्तर देतो. कोठे दुखते, केव्हापासून दुखते, हे त्याला सांगता येते. घोडा लंगडू लागला, गाईने चारा सोडला किंवा कुत्रा जागेवरून उठेनासा झाला, तर हे उत्तर कोणी द्यावयाचे? शालिहोत्राच्या नावाने चालत आलेली अश्ववैद्यकाची परंपरा आपल्या देशात फार जुनी आहे. घोड्यांच्या वैद्याला ‘सालोत्री’ हे नाव पडले, ते त्याच शब्दावरून. या सालोत्र्याचे सारे निदान डोळ्यांवर आणि बोटांवर चाले. तो पाय चाचपून पाही, खुराला हात लावून ऊन लागते का ते पाही, जनावराची चाल निरखी. कातडीआडचे हाड मात्र त्याला दिसत नसे.

हा पडदा १८९५ साली दूर झाला. त्या वर्षीच्या ८ नोव्हेंबरला जर्मनीतील वुर्झबुर्ग येथे विल्हेल्म राँटजेन यांना एका अज्ञात किरणाचा शोध लागला. २२ डिसेंबरला त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले. त्यात हाताची हाडे आणि बोटातील अंगठी स्पष्ट उमटली. क्ष-किरणांची ही वार्ता काही आठवड्यांतच जगभर पसरली. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८९६ मध्ये, इंग्लंडमधील फ्रेडरिक हॉबडे आणि जर्मनीतील रिचर्ड एबरलाइन यांच्यासारखे पशुवैद्य या किरणांकडे वळले. प्रारंभीचे बरेचसे प्रयत्न घोड्याच्या पायावरच झाले, यात नवल नाही. त्या काळी पलटणीचा तोफखाना, शहरातील गाडी आणि शेतातील नांगर यांचा भार घोड्याच्या चार पायांवर होता. पाय गेला की घोडा गेला.

परंतु येथेच एक अडचण उभी राहिली, आणि पुढील सत्तर वर्षांचा इतिहास त्या अडचणीभोवती फिरत राहिला. मनुष्याला ‘हलू नका, श्वास रोखून धरा’ असे सांगता येते. जनावराला ते सांगता येत नाही. प्रारंभीची यंत्रे दुर्बळ असल्यामुळे एका छायाचित्राला बराच वेळ लागे. तेवढ्या वेळात घोड्याने पाय हलवला की चित्र पुसट होई. म्हणून कोणीतरी घोड्याचे तोंड धरावयाचे, कोणीतरी पाय धरावयाचे, आणि आणखी कोणीतरी छायाचित्राची काच पायाच्या दुसऱ्या बाजूला हाताने टेकवून उभे राहावयाचे. हे काम मोतद्दार करी, नालबंद करी, विद्यार्थी करी किंवा दवाखान्यातील नोकर करी. वैद्याचे नाव ग्रंथात राहिले. धरणाऱ्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

या धरण्याची किंमत काय असते, हे मानवी वैद्यकात लवकरच कळून आले. अमेरिकेत थॉमस एडिसन यांचा सहाय्यक क्लॅरेन्स डॅली क्ष-किरणांच्या नळ्या तपासताना आपलाच हात किरणांपुढे धरीत असे. त्याच्या हातांवर व्रण पडले, ते कापावे लागले, आणि १९०४ साली तो मरण पावला. एडिसन यांनी त्या कामाचा नाद सोडून दिला. जर्मनीतील हँबुर्ग शहरी एका रुग्णालयाच्या आवारात १९३६ साली अशा हुतात्म्यांचे स्मारक उभारण्यात आले. १९५९ पर्यंत त्यावरील नावांची संख्या ३५९ झाली. त्यांत वैद्य होते, पदार्थवैज्ञानिक होते, परिचारिका आणि साधे सहाय्यकही होते. दरम्यान १९२१ मध्ये ब्रिटनमध्ये संरक्षणासाठी समिती नेमली गेली आणि १९२८ मध्ये स्टॉकहोम येथे आंतरराष्ट्रीय पातळीवर त्या कार्याचा पाया घातला गेला.

पशुवैद्यकात मात्र नियम माहीत असूनही धरणारे हात किरणांपुढून हलेनात, कारण जनावर हलावयाचे थांबत नव्हते. शिशाचा झगा घातला म्हणजे सर्व भय संपले, असा एक समज अनेक ठिकाणी रूढ झाला. वस्तुतः असा झगा जनावराच्या अंगावरून उडालेले विखुरलेले किरण बऱ्याच अंशी अडवतो. नळीतून थेट येणाऱ्या झोताला तो पुरा पडत नाही. छातीवर लावलेला मापनबिल्ला छातीला लागलेले किरण मोजतो. जो हात झोतात होता, त्याची नोंद त्यावर होत नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यास हे काम अधिकच वाढले. अमेरिकेतील बोस्टन येथील पशुरुग्णालयात काम करणारे गेरी श्नेल यांनी १९३५ साली कुत्र्याच्या खुब्याच्या सांध्यातील एका जन्मजात दोषाचे वर्णन केले, आणि १९४५ मध्ये त्यांनी कुत्र्यांच्या क्ष-किरण निदानावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. हा दोष पिढ्यान्‌पिढ्या उतरतो असे दिसू लागल्यावर, प्रजननापूर्वी कुत्र्याचे खुबे तपासून घेण्याची रीत पडली. १९६६ साली अमेरिकेत त्यासाठी खास संस्थाही निघाली. या चित्रासाठी कुत्र्याला पाठीवर उताणे निजवून मागचे दोन्ही पाय सरळ आणि समांतर ताणावे लागतात. सावध कुत्रा ही स्थिती सुखाने सहन करीत नाही. रोगाचे ज्ञान जसजसे वाढले, तसतशी धरणाऱ्या हातांची गरज वाढली, आणि त्यांचा धोकाही वाढला.

या कोंडीतून वाट निघाली, ती योगायोगाने एकाच सुमारास घडलेल्या दोन घटनांमुळे. पहिली घटना औषधाची. १९६२ मध्ये जर्मनीतील बायर कंपनीत झायलाझीन हे द्रव्य तयार झाले. हेतू रक्तदाब उतरवण्याचा होता, परंतु जनावरांना ते उत्तम गुंगी आणते असे दिसून आले. घोडा उभ्या उभ्या शांत होऊ लागला. त्याला चौघांनी दाबून धरण्याचे कारण उरले नाही.

दुसरी घटना माणसाची. ब्रिटनमधील पशुवैद्यांच्या रॉयल कॉलेजने १९६१ साली सहाय्यकांसाठी शिक्षण, परीक्षा आणि नोंदणी यांची योजना सुरू केली. ‘नर्स’ ही पदवी कायद्याने मानवी परिचारिकांसाठी राखीव होती. त्यामुळे या नव्या वर्गाला ‘नोंदणीकृत पशुशुश्रूषा सहाय्यक’ अशा लांबलचक नावावर समाधान मानावे लागले. १९८४ मध्ये त्यांना ‘पशुवैद्यकीय परिचारिका’ हे नाव मिळाले. ज्याला नाव नव्हते त्या हाताला नाव मिळण्यास तेवीस वर्षे लागली! अमेरिकेतही १९६१ पासूनच पशुतंत्रज्ञांचे शिक्षण महाविद्यालयात सुरू झाले.

या शिक्षणात क्ष-किरण हा महत्त्वाचा विषय असतो, आणि त्याचे मर्म बळात नसून तयारीत आहे. घोड्याच्या खुराचे चित्र घ्यावयाचे तर आधी नाल काढावा लागतो. तळवा स्वच्छ करून त्याच्या खाचा मऊ लगद्याने भराव्या लागतात. तसे न केल्यास खाचेतील हवेची काळी रेघ हाडावर पडते आणि मोडलेल्या हाडाचा भास होतो. नको ते निदान होते, प्रसंगी धडधाकट घोडा निकामी ठरतो. छातीचे चित्र घेताना श्वास आत घेऊन झाल्याचा क्षण टिपावा लागतो. कुत्र्याला वाळूच्या पिशव्या आणि पट्टे यांनी स्थिर करावे लागते, कॅसेट लांब दांड्याच्या पकडीत धरावी लागते, आणि बटण दाबणाऱ्याने दूर उभे राहावे लागते. अंतर दुप्पट केले की किरणांची तीव्रता एक चतुर्थांश होते. चित्र एकदा बिघडले तर ते पुन्हा घ्यावे लागते, म्हणजे किरणही पुन्हा लागतात. कुशल सहाय्यकाचे कौशल्य हेच सर्वांचे पहिले संरक्षण होय.

पुढे ध्वनिलहरींचे यंत्र आले. १९६६ मध्ये मेंढीच्या आणि १९८० नंतर घोडीच्या गर्भाशयाची तपासणी त्याने होऊ लागली. त्यात किरणांचे भय नाही. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी सीटी स्कॅनचे यंत्र सिद्ध करताना खाटिकाकडून आणलेल्या गाईच्या मेंदूवर प्रयोग केले. १९७१ मध्ये त्या यंत्राने पहिला मानवी रोगी तपासला, आणि कालांतराने तेच यंत्र जनावरांच्या सेवेस परत आले. यंत्रे बदलली तरी रोग्याला निश्चल ठेवण्याचा प्रश्न बदलला नाही.

आपल्याकडे या विद्येची मुळे जुनी आहेत. मुंबईत परळ येथे सर दिनशा पेटिट यांच्या पत्नी बाई साकरबाई यांच्या नावाने जनावरांचे रुग्णालय उभे राहिले, आणि १८८६ साली तेथे पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. इंदूरनजीक महू येथील महाविद्यालय १९५५ चे. वैद्य घडवण्याची सोय अशी पिढ्यान्‌पिढ्या होत आली. सहाय्यकाचे काय? १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने चिकित्सेचा अधिकार नोंदणीकृत वैद्यास दिला. पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्या पशुधन पर्यवेक्षकादिकांना वैद्याच्या देखरेखीखाली ‘किरकोळ सेवा’ करण्याची मुभा ठेवली. महाराष्ट्रातील दवाखान्यात व्रणोपचारक असतो, परिचर असतो. गाईच्या पोटात गेलेला खिळा शोधावयाचा झाला, तर तिला खोड्यात उभी करून म्होरकी धरणारा बहुधा तोच असतो.

त्याच्या कामाला कायद्याने किरकोळ म्हटले असले, तरी क्ष-किरण तसे मानीत नाहीत. झोतापुढे वैद्याचा हात आणि परिचराचा हात सारखेच असतात. म्हणून जनावरांच्या नव्या दवाखान्यात यंत्राची किंमत जेव्हा विचारली जाते, तेव्हा गुंगीचे औषध, लांब दांड्याची पकड आणि शिकलेला सहाय्यक या तीन गोष्टी त्याच किमतीत धरल्या पाहिजेत. राँटजेन यांच्या पत्नीचा हात जगाने पाहिला. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ मुक्या रोग्याला धरून उभा राहिलेला हात चित्रात न उमटावा, यातच त्या विद्येची खरी प्रगती आहे. त्या हाताची नोंद मात्र इतिहासात अवश्य उमटली पाहिजे.