ओवी जात्यावरून कागदावर आली तेव्हा

ओवीचा एक जुना लेखी दाखला कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारातून मिळतो. तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात नोंद आहे, की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात. १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी ओवीतच गीता सांगितली. ती ग्रंथातली ओवी पोथ्यांमधून जपली गेली. बायकांची ओवी मात्र जात्यापाशीच राहिली. पहाटे खुंटा धरायचा, पहिली ओवी देवाला, मग आईबापाला, भावाला, लेकराला. दळण सरलं की गाणंही सरलं.

विसाव्या शतकात पिठाची गिरणी गावोगाव आली. बायकांचे कष्ट कमी झाले हे उत्तमच, पण गाण्याचं निमित्त गेलं. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या, कमलाबाई देशपांड्यांनी ‘अपौरुषेय वाङ्मय’मधून स्त्रीगीतांचा अभ्यास मांडला. याच वाटेवर पुढे सरोजिनी बाबर आल्या.

जन्म १९२० चा, सांगली जिल्ह्यातल्या बागणीचा. १९५२ मध्ये विधानसभेत निवडून गेल्या, १९६८ ते १९७४ राज्यसभेत होत्या. पण त्यांचं नाव टिकलं ते महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीमुळे. समितीच्या अध्यक्ष म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं लोकसाहित्यमालेचे खंड सिद्ध केले. त्यांची नुसती शीर्षकं वाचली तरी कामाचा आवाका कळतो: ‘जा माझ्या माहेरा’, ‘कुलदैवत’, ‘कारागिरी’, ‘रांगोळी’, ‘जनलोकांचा सामवेद’.

ओव्या गोळा करणाऱ्या बाईंना रांगोळी आणि कारागिरी कशाला हवी होती? कारण ओवीत चोळी येते, जोडवी येतात, पंढरीची वाट येते, बेंदराचे बैल येतात. हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हाती ओवीचे नुसते शब्द उरतात. बाबरांनी म्हणून गाण्याबरोबर गाण्याचं घरही उचलून आणलं. लोकसाहित्य म्हणजे गावंढळ करमणूक, अशी समजूत असलेल्या पांढरपेशा वाचकांपुढे त्यांनी खेड्यातल्या बाईचं शहाणपण सरकारी छापाच्या ग्रंथांतून मांडलं. २००८ मध्ये त्या गेल्या.

छापलेल्या ओवीला चाल मात्र नव्हती. ती उणीव पुढच्या पिढीनं भरून काढली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतल्या कित्येक ध्वनिमुद्रित झाल्या, आणि गाणाऱ्या बायकांची नावं-गावंही नोंदवली गेली. ‘मानसोल्लासा’त नुसत्या ‘बायका’ म्हणून आलेल्यांना अशी ओळख मिळाली.

जात्यावर बसलेली शेवटची पिढी आता थकली आहे. तुमच्या घरात अशी कोणी आजी, आत्या असेल तर तिच्या ओव्या मोबाइलवर जरूर टिपा. पण तेवढ्यावर थांबू नका. ओवीतला भाऊ कोण, गाव कुठलं, सण कोणता, हेही विचारा आणि लिहून ठेवा. बाबरांच्या कामाचा धडा तोच आहे.