फ्रँको, फॉर्च्युनाटो
फ्रँको, फॉर्च्युनाटो : (१९३७–१० मे २०२१). भारताचे नामवंत फुटबॉलपटू. १९६२ च्या जाकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघातील हाफबॅक. जन्म गोव्यात, बालपण व क्रीडाजीवनाची जडणघडण मुंबईत.

गोव्यातून नोकरीधंद्यासाठी आलेल्या कुटुंबांनी मुंबईच्या फुटबॉलला अनेक चांगले खेळाडू दिले. १८९१ साली सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा, हारवुड लीग आणि कूपरेज मैदान यांमुळे शहरात या खेळाला प्रतिष्ठा होती. मोठ्या कंपन्या व रेल्वे आपले संघ बाळगीत. खेळाडूंना त्यांच्याकडे नोकरी आणि सराव अशा दोन्ही सोयी होत. फ्रँको याच परंपरेतून पुढे आले व टाटा संघाकडून खेळू लागले. पुढे ते गोव्यातील साळगावकर संघाकडूनही खेळले. १९६० च्या रोम ऑलिंपिकसाठी निवडलेल्या भारतीय संघात त्यांचा समावेश होता.

त्या काळी प्रचलित असलेल्या खेळपद्धतीत हाफबॅकवर दुहेरी जबाबदारी असे. प्रतिपक्षाची चाल बचावफळीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच अडविणे ही पहिली आणि हिसकावलेला चेंडू आघाडीच्या खेळाडूंकडे अचूक पोहोचविणे ही दुसरी. गोल करणाऱ्याचे नाव सर्वतोमुखी होते. हाफबॅकचे काम मात्र जाणकारांच्याच ध्यानात येते. फ्रँको यांचा लौकिक अशा कामावर आधारलेला होता.

जाकार्ता येथे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या संघाची सुरुवात निराशाजनक झाली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताचा २–० असा पराभव केला. त्यानंतर थायलंडवर ४–१ व जपानवर २–० असे विजय मिळवून भारताने उपांत्य फेरी गाठली आणि तीत दक्षिण व्हिएटनामला ३–२ असे हरविले. दरम्यान इझ्राएल व तैवान यांच्या खेळाडूंना इंडोनेशियाने प्रवेश नाकारला होता. त्यास भारतीय क्रीडाप्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतल्यामुळे जनमत भारताविरुद्ध खवळले. निदर्शकांनी भारतीय वकिलातीवरही हल्ला चढविला. ४ सप्टेंबर १९६२ रोजी अंतिम सामना सुरू झाला, तेव्हा प्रचंड प्रेक्षकसमुदाय भारतीय संघाची हुर्यो उडवीत होता.

पी. के. बॅनर्जी यांनी १७ व्या मिनिटाला पहिला गोल केला. त्यानंतर अवघ्या तीन मिनिटांत फ्रँको यांनी घेतलेल्या फ्रीकिकवर जर्नेलसिंग यांनी दुसरा गोल नोंदविला. जर्नेलसिंग हे मूळचे बचावपटू. परंतु स्पर्धेत डोक्याला झालेल्या जखमेमुळे रहीम यांनी त्यांना आघाडीला खेळविले होते. अखेरच्या काही मिनिटांत कोरियाने एक गोल परत केला. तथापि भारताने सामना २–१ असा जिंकला. १९५१ नंतरचे भारताचे हे दुसरे आशियाई सुवर्णपदक होय. त्यानंतर भारताला या स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्णपदक मिळालेले नाही. कर्करोगाने ग्रासलेल्या रहीम यांचे पुढच्याच वर्षी निधन झाले.

१९६३–६४ च्या हंगामात संतोष करंडक जिंकणाऱ्या महाराष्ट्र संघातही फ्रँको होते. मलेशियातील मर्डेका स्पर्धेतही ते भारताकडून खेळले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्यांची कारकीर्द ऐन उमेदीत संपुष्टात आली. उत्तरायुष्यात त्यांचे वास्तव्य गोव्यात होते व तेथेच त्यांचे निधन झाले.

मुंबई व गोवा या दोन फुटबॉलकेंद्रांना जोडणारा दुवा म्हणून त्यांचे स्थान महत्त्वाचे आहे.