उन्मत्त नावाचे झुडूप

अमरकोशात धोत्र्याला बरीच नावे आहेत: उन्मत्त, कितव, धूर्त, धत्तूर, मातुल, मदन. कितव म्हणजे जुगारी, ठक. अशी माणसांची नावे झाडाला का मिळाली असावीत, याचा एक धागा 1563 साली गोव्यात छापलेल्या पोर्तुगीज ग्रंथात सापडतो. वैद्य गार्सिया द ओर्ता त्यात सांगतो की चोर धोत्रा अन्नात कालवून देतात. खाणाऱ्याचे भान हरपते, तो हसत राहतो आणि डोळ्यांदेखत ऐवज नेला तरी नेऊ देतो. तेव्हा ‘कितव’ आणि ‘धूर्त’ हे धोत्रा देणाऱ्याचे गुण झुडपाला चिकटलेले दिसतात, आणि ‘उन्मत्त’ ही घेणाऱ्याची अवस्था.

आधी आजारी माणूस उन्मत्त की आधी झुडूप? माणूसच आधी असावा. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात उन्माद उतरवण्याचे एक सूक्त आहे आणि त्यात ‘उन्मदित’ व ‘उन्मत्त’ असे दोन्ही शब्द येतात. दोहोंचा धातू ‘मद्’. ऋग्वेदातला मद हा सोमपानाचा हर्ष; त्यात निंदेचा वास नाही. लॅटिनमधला याचा भाऊबंद ‘मादेरे’ म्हणजे ओले असणे. यावरून मूळ अर्थ ‘चिंब होणे’ असा असावा. त्याला ‘उद्’ जोडला की काठावरून वर आलेला मद, तो उन्माद.

फारसीतला ‘मस्त’ आणि आपला ‘मत्त’ हे सख्खे चुलतभाऊ. धातूच्या शेवटच्या दंत्य वर्णाला त-कार भेटला की संस्कृतात द्वित्त होते, इराणी भाषांत तिथे ‘स्त’ येतो. संस्कृत ‘बद्ध’ आणि फारसी ‘बस्त’ यांचे नातेही असेच. आपल्या ‘बंदोबस्ता’त आणि लग्नाच्या ‘बस्त्या’त तेच रूप बसले आहे. मराठीत मत्तपासून ‘मातणे’ आले आणि माद्यति, प्राकृत मज्जइ, या वाटेने ‘माजणे’ आले असावे. पण मराठीने या घराण्याची वाटणी मोठी विलक्षण केली. मस्तच्या वाट्याला कौतुक आले, माजाच्या वाट्याला दोष, आणि आजार तेवढा तत्सम ‘उन्मादा’कडे राहिला. हल्ली तोही वर्तमानपत्रांनी जमावाला देऊन टाकला आहे. मला याचे वाईट वाटते, कारण चरकाने या शब्दाची केलेली व्याख्या फार नेटकी आहे: मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती म्हणजे आवडनिवड, शील, चेष्टा आणि आचार या आठांचा विभ्रम. आवडनिवड बदलणे हेही आजाराचे लक्षण असू शकते, हे त्या काळी कोणाच्या तरी ध्यानात आले होते!

चरकाने उन्मादाचे पाच प्रकार केले. पाचवा ‘आगंतु’, बाहेरून आलेला; देव, गंधर्व, यक्ष, पिशाच यांच्यामुळे होणारा. या पाचव्याने भाषांमध्ये जेवढी घरे केली तेवढी उरलेल्या चारांनी मिळून केली नसतील. आपला ‘पिसा’ घ्या. पिशाच, प्राकृत पिसाय, मग पिसा, असा प्रवास असावा. ‘पिसाट’ आणि ‘पिसाळलेले कुत्रे’ त्याच कुळातले दिसतात. अरबी ‘मजनून’ म्हणजे जिन्नाने धरलेला, आणि जिन्न ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ झाकणे, लपवणे. जन्नत म्हणजे झाडोऱ्याने झाकलेली बाग. फारसी ‘दीवाना’ हा ‘दीव’ म्हणजे राक्षस यावरून. इराण्यांचा दीव आणि आपला देव हा शब्द एकच, फक्त तिकडे त्याची गणना दुष्टांत झाली. म्हणजे देव अंगात आलेला आणि राक्षसाने धरलेला यांत सीमेपलीकडे काही फरकच उरत नाही.

इथे एक आडवाट घेऊ. दिवाणी दाव्यातला ‘दिवाण’ या दिवाण्याचा कोणी लागतो का? अरब इतिहासकार इब्न खल्दूनने नोंदवलेली एक कथा आहे की खुस्रो राजाने आपले लेखनिक मनाशी पुटपुटत आकडेमोड करताना पाहिले, त्यांना ‘दीवाने’ म्हटले, आणि त्यावरून कचेरीला ते नाव पडले. कथा गोड आहे, पण व्युत्पत्ती खरी नसावी. दिवाणाचे मूळ जुन्या फारसीतल्या ‘दिपि’ म्हणजे लेख या शब्दाकडे जाते. अशोकाच्या शाहबाजगढीच्या शिलालेखात हाच ‘दिपि’ लिपीच्या जागी कोरलेला आहे. तेव्हा दिवाणाची सोयरीक लिपीशी, वेडाशी नाही.

आता पुन्हा धोत्र्याकडे. त्यातले अॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन मेंदूतल्या अॅसिटिलकोलीन या संदेशवाहक द्रव्याचे काही ग्राहक (रिसेप्टर) अडवतात आणि माणूस भ्रमात जातो. या ग्राहकांना ‘मस्करिनिक’ म्हणतात. 1869 मध्ये एका लाल अळंबीतून मस्करीन हे द्रव्य वेगळे केले गेले. युरोपात ती अळंबी दुधात घालून माश्या मारत, आणि लॅटिनमध्ये माशी म्हणजे ‘मुस्का’. अडवल्याने भ्रम होतो, तर चेतवल्याने तो ओसरेल काय? 1990च्या दशकात अल्झायमरसाठी झॅनोमेलिन नावाचे औषध तपासले जात होते, तेव्हा रुग्णांचे भास आणि संशय कमी झालेले दिसले. पण मळमळ आणि उलट्या इतक्या की औषध बाजूला पडले. पुढे त्याला ट्रॉस्पियमची जोड दिली गेली. ट्रॉस्पियम हे अॅट्रोपिनच्या घराण्यातले, मूत्राशयासाठी वापरले जाणारे. ते मेंदूत फारसे शिरत नाही आणि उरलेल्या शरीरातले ग्राहक तेवढे अडवून ठेवते. म्हणजे उन्मत्त झुडपाचा नातलग उंबऱ्याबाहेर राखणीला बसवला आणि आत उन्मादावरचा उपाय पाठवला. 252 रुग्णांवरच्या पाच आठवड्यांच्या चाचणीत लक्षणांच्या मोजपट्टीवर या जोडीने सुमारे 21 गुणांची घट दाखवली, नुसत्या दिखाऊ गोळीने सुमारे 12. सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. 1952च्या क्लोरप्रोमाझिनपासून आलेली जवळपास सगळी औषधे डोपामिनचा ग्राहक अडवणारी होती. ही वाट वेगळी. जुन्या औषधांना पूरक म्हणून दिल्यावर मात्र 2025 मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत तिचा लाभ संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही.

हे औषध ज्या आजारावर आहे त्याचे नाव स्किझोफ्रेनिया, आणि मराठी पुस्तकांत ‘छिन्नमनस्कता’. हा अनुवाद करणाऱ्याला सलाम करावा असा आहे. ग्रीक ‘स्किझो’ आणि संस्कृत ‘छिद्’ यांचे मूळ एकच असावे, म्हणजे भाषांतर करताना शब्द आपल्याच घरी परत आला. ‘फ्रेन’ची गंमत आणखी: आधी छाती-पोटामधला पडदा, मग मन. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलरने 1908 मध्ये हे नाव दिले तेव्हा त्याला विचारांमधले दुवे सुटणे अभिप्रेत होते. एका देहात दोन माणसे, हा पुढे पसरलेला गैरसमज. मला वाटते त्याचे खापर या ‘छिद्’वरच फोडले पाहिजे. मद चढतो तसा उतरतो, पिशाच शिरते तसे सोडून जाते. छिन्न झालेले मात्र सांधेल अशी आशा तो शब्द ठेवत नाही. आणि तरी ब्लॉयलरची बाजू पुरती सोडता येत नाही. 2016 मध्ये सुमारे 65 हजार माणसांच्या जनुकांचा ताळा घेणाऱ्या अभ्यासात सी-4 या जनुकाची काही रूपे या आजाराचा धोका वाढवतात असे दिसले. हे जनुक प्रतिकारशक्तीतले, आणि वाढत्या वयात मेंदूतले जोड छाटण्यातही त्याचा हात असतो. छाटणी अती होत असावी, असा अंदाज आहे. म्हणजे कापणे आहे, पण मनाचे नव्हे; जोडांचे, आणि तेही एका प्रमाणाबाहेर गेलेले.

जपानमध्ये या आजाराला ‘मन दुभंगण्याचा रोग’ अशा अर्थाचे नाव होते. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेने मागणी केली आणि 2002 मध्ये ते बदलून ‘एकात्मतेचा मेळ बिघडणे’ अशा अर्थाचे केले. त्यानंतरच्या तीन वर्षांत, आपला आजार कोणता हे डॉक्टरांनी सांगितलेल्या रुग्णांचे प्रमाण सुमारे 37 टक्क्यांवरून 70 टक्क्यांवर गेले. जुने नाव डॉक्टरांच्याही जिभेवर येत नसावे. दक्षिण कोरियाने पुढे जे नाव घेतले त्याचा अर्थ वाद्याची तार जुळवणे; तंबोरा लावताना पाहिलेल्या माणसाला त्याची व्याख्या द्यावी लागणार नाही.

मराठीत असे कोणते नाव घ्यावे? ‘उन्माद’ मला जवळचा, पण पाठ्यपुस्तकांनी तो मेनियासाठी राखून ठेवला आहे आणि त्यावर जमावाचा शिक्काही बसला आहे. ‘पिसे’ अभंगांत शोभते, केसपेपरावर नाही. घरोघर आणि दवाखान्यांत लोक सरळ ‘स्किझोफ्रेनिया’ म्हणतात, पुण्यातल्या नातेवाइकांच्या संस्थेनेही नावात तोच शब्द घेतला, आणि 2004च्या ‘देवराई’ चित्रपटानंतर तो पुष्कळांच्या कानांवरून गेला आहे. शुद्धिवाद्यांना हे रुचणार नाही, पण मला ही निवड समंजस वाटते. ‘छिन्न’ म्हणताच मराठी माणसाला पाते दिसते. ‘स्किझो’मध्ये तेच पाते असूनही ते त्याला ऐकू येत नाही.