पाणबुड्याचा मास्क व पाण्याखालील दृष्टी

पाणबुड्याचा मास्क : डोळे व नाक झाकणारे, सपाट काचेचे आणि सिलिकॉनच्या लवचीक कडेचे जलरोधक साधन. मालवणला स्नॉर्केलिंगसाठी पर्यटकांना मिळतो तो मास्कही याच तत्त्वावर चालतो. डोळ्यांपुढे हवेचा कप्पा राखणे हे त्याचे मुख्य काम. काच त्या हवेला अडवण्यापुरतीच.

डोळ्यात शिरणारा प्रकाश वाकवण्याचे मोठे काम भिंगापेक्षा पारपटल करते. डोळ्याच्या सुमारे ६० डायॉप्टर शक्तीपैकी ४३ च्या आसपास त्याची असते. ही शक्ती हवा (अपवर्तनांक १.००) आणि पारपटल (१.३८) यांच्यातील फरकामुळे मिळते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असल्याने उघड्या डोळ्यांनी बुडी मारताच ती जवळजवळ नाहीशी होते, प्रतिमा दृष्टिपटलाच्या मागे पडते आणि सगळे धूसर दिसते. चष्म्याच्या हिशेबात हा अधिक चाळिशीचा नंबर! अंदमान समुद्रातील मोकेन जमातीची मुले तरीही पाण्याखाली बारीक वस्तू टिपतात. बाहुल्या आकसून व भिंगाला ताण देऊन ती हे साधतात, असे स्वीडिश संशोधक आना गिस्लेन यांनी २००३ मध्ये दाखवले. पुढे युरोपीय मुलांनाही सरावाने ते जमले, म्हणजे हे केवळ वंशाचे देणे नव्हे.

मास्क स्पष्टता परत देतो, पण पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतोच. त्यामुळे चार मीटरवरचा मासा तीन मीटरवर असल्यासारखा आणि सुमारे एक तृतीयांशाने मोठा भासतो. पाणबुड्यांच्या गप्पांतल्या माशांचा आकार यामुळे थोडा तरी क्षम्य ठरावा. गढूळ पाण्यात मात्र उलट घडते. वस्तू आहे त्याहून लांब वाटते. सपाट काचेतून जास्तीत जास्त सुमारे ९७ अंशांचा पाण्यातला भाग दिसू शकतो, कारण त्यापलीकडून तिरका येणारा प्रकाश पूर्ण आंतरिक परावर्तनाने मागे फिरतो. चौकट यातलाही काही भाग खाते.

लाल रंग काही मीटरांतच पाणी शोषून घेते. त्यावर साध्या काचेचा उपाय नाही, टॉर्च लागतो. निकटदृष्टी असणाऱ्यांसाठी नंबरच्या काचा बसवता येतात.

नाक आत घेण्यामागे दृष्टीचा संबंध नाही. दहा मीटरांवर दाब दुप्पट होऊन मास्कमधली हवा आकसते. नाकावाटे थोडी हवा सोडली नाही, तर डोळ्यांतील रक्तवाहिन्या फुटतात. पोहण्याचे गॉगल म्हणूनच खोल बुडीला चालत नाहीत.