लावणीची रांग: परम ८००० ते घरचं ग्राफिक्स कार्ड

घरच्या कॉम्प्युटरसाठी ग्राफिक्स कार्ड निवडताना बहुतेक जण आधी बजेट बघतात आणि मग बेंचमार्क. त्याआधीचा एक प्रश्न मात्र पुण्यात पस्तीसेक वर्षांपूर्वीच सोडवला गेला होता: काम एका तगड्या गड्याला द्यायचं, की साध्या गड्यांच्या रांगेला?

१९८० च्या दशकात हवामानाच्या अंदाजासाठी भारताला अमेरिकेचा 'क्रे' महासंगणक हवा होता. लांबलेल्या वाटाघाटींनंतर एक यंत्र मिळालं, पण मागितलं त्याहून कमी ताकदीचं आणि अटी घालून. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली, विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली. क्रेची भिस्त मोजक्या, अतिवेगवान प्रोसेसरांवर होती. तसा प्रोसेसर आपल्याकडे नव्हता. म्हणून सी-डॅकने ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे टी-८०० ट्रान्सप्युटर घेतले. एकेकटा ट्रान्सप्युटर क्रेपुढे किरकोळच, पण प्रत्येकाला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार जोडण्या होत्या. १९९१ मध्ये असे ६४ जोडून 'परम ८०००' तयार झाला.

आंबोलीत हे समजावायला भाताची लावणी पुरते. चिखलात बायकांची रांग उभी राहते, प्रत्येकीचं काम तेच आणि एकाच वेळी. स्क्रीनवरचे लाखो ठिपकेही असेच स्वतंत्रपणे मोजता येतात. १९९९ मध्ये एनव्हिडियाने 'जीफोर्स २५६' आणलं आणि 'जीपीयू' हा शब्द रुळवला. कल्पना परमच्याच जातकुळीतली, फक्त रांग एका चिपवर आली. २००७ मध्ये 'कुडा' आलं आणि याच कार्डांवर चित्रांपलीकडचं गणितही सहज करता येऊ लागलं.

पण रांग कितीही मोठी असो, हाताशी तरवा नसेल तर ती उभीच राहते. कार्डावरचा तरवा म्हणजे त्याची मेमरी. २०१२ मध्ये टोरंटो विद्यापीठात 'अ‍ॅलेक्सनेट' शिकवलं गेलं ते दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर. एकाच्या ३ जीबीत ते मावत नव्हतं, म्हणून दोघांत वाटून दिलं.

आज घरी एआय मॉडेल चालवायचं असेल तर हाच हिशोब करा. ७ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल १६ बिटांत ठेवलं तर नुसत्या आकड्यांना १४ जीबी लागते, ४ बिटांत दाबलं तर साडेतीन जीबी आणि वर थोडी मोकळी जागा. आरटीएक्स ३०६० टीआय हे साध्या ३०६० पेक्षा वेगवान आहे, पण त्यात ८ जीबी मेमरी आणि २०० वॅट खर्च. ३०६० च्या मूळ आवृत्तीत १२ जीबी आणि १७० वॅट. फक्त गेम खेळणाऱ्याने टीआय घ्यावं. मला मॉडेल चालवायची आहेत, म्हणून मी १२ जीबीवालं निवडलं. आंबोलीच्या पावसात वीज कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे यूपीएसवरचे ३० वॅट वाचतात हेही पथ्यावर पडलं.

२०२० मध्ये सी-डॅकचा 'परम सिद्धी-एआय' जगातल्या महासंगणकांच्या यादीत ६३वा आला. त्यात चिप एनव्हिडियाच्या होत्या. म्हणजे १९९१ मध्येही सुटे भाग परदेशी आणि २०२० मध्येही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने एआय चिपच्या निर्यातीवर नियम जाहीर केला, त्यात भारताला मर्यादा होती. मे महिन्यात तो मागे घेतला गेला. क्रेचा किस्सा आठवणाऱ्यांना यात नवल वाटलं नसेल.

पुण्याच्या मंडळींनी चिप बनवली नव्हती. त्यांनी मिळालेल्या चिप जोडल्या आणि त्यांच्याकडून काम करून घेणारं सॉफ्टवेअर लिहिलं. तो भाग कुणाला अडवून धरता आला नाही. म्हणून कार्ड घेताना मेमरी बघा, आपल्याला लागणारं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का ते बघा, आणि उरलेले पैसे शिकण्यात घाला.