महामारी आणि ग्रंथालय : नायगावच्या निमित्ताने

मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना १ ऑगस्ट १८९८ रोजी झाली. ही तारीख आपण सारेच जाणतो. परंतु त्या दिवशी मुंबई शहर कोणत्या अवस्थेत होते, इकडे सहसा लक्ष दिले जात नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे निदान केले. त्यानंतरच्या पाचसहा महिन्यांत साडेतीन लाखांहून अधिक माणसे शहर सोडून गेली. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. ती १९०१ मध्ये ७,७६,००६ इतकी खाली आली. ९ मार्च १८९८ रोजी प्लेगच्या बंदोबस्तावरून शहरात दंगल उसळली, आणि तिला पाच महिने होतात न होतात तोच, मराठी ग्रंथ एकत्र करून ठेवावेत एवढ्याच हेतूने काही मंडळी एकत्र आली.

यावरून ही संस्था प्लेगमधून जन्मास आली असा निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. ठाण्यास वि. ल. भावे यांनी १८९३ मध्येच, म्हणजे साथीपूर्वी तीन वर्षे, मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केले होते. मुंबईची संस्था त्याच विचारपरंपरेतील होय. तथापि साथ चालू असता हे काम अनाठायी आहे, असे त्या मंडळींना वाटले नाही, ही गोष्टही विचारात घ्यावयास हवी. महामारीत ग्रंथालयाचा समाजाला उपयोग काय, हा प्रश्न २०२० नंतर पुन्हा पुढे आला आहे. त्याचे उत्तर शोधताना आरंभ १८९६ पासून करावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

त्या वर्षीच्या घटनांकडे भाषेच्या अभ्यासकाच्या नजरेने पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. ६ ऑक्टोबर १८९६ रोजी महापालिकेचे आयुक्त स्नो यांनी रोग्यांना सक्तीने रुग्णालयात हलविण्याचा अधिकार घेणारी अधिसूचना काढली. तिची भाषा इंग्रजी, विचारपद्धती कायद्याची. ती ज्यांना लागू व्हावयाची, ते बहुसंख्य लोक रत्नागिरी-साताऱ्याकडून आलेले गिरणी कामगार. या दोहोंच्या मध्ये जी जागा रिकामी राहिली ती अफवेने भरून काढली. राणीच्या पुतळ्यास डांबर फासले गेले होते. त्या अपमानाची भरपाई म्हणून राणीने मुंबईकरांची पाचशे काळजे मागविली आहेत, असे लोक बोलू लागले. रुग्णालयात माणसांच्या देहातून ‘मोमियाई’ काढतात, अशीही वदंता होती. (हा शब्द मूळचा फारसी; इजिप्तमधील ‘ममी’ त्याच कुळातली. वैद्यकातला एक शब्द लोकभाषेत येऊन भयाचे नाव होतो, हा प्रवास स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला, आणि लगोलग प्रशासनास आपले नियम सैल करावे लागले.

या हल्ल्यास अज्ञान म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. माझे मत निराळे आहे. अफवा ही पुष्कळदा न मिळालेल्या माहितीची जागा घेते. घरातला माणूस उचलून नेला जातो, तो कोठे, कशासाठी, परत येतो की नाही, हे आपल्या बोलीत समजावून सांगणारे कोणी नसते. मग मनुष्य जवळ असलेल्या कथेने ती पोकळी भरतो. जे थोडे लोक हे दुभाष्याचे काम करू शकत होते, त्यांपैकी एक होते नारायण मेघाजी लोखंडे. ‘दीनबंधू’ पत्राचे संपादक आणि गिरणी कामगारांचे पुढारी म्हणून त्यांच्या शब्दाला वस्तीत वजन होते. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचा अंत झाला. पुढे महिन्याभराने, १० मार्च रोजी, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत असता सावित्रीबाई फुले पुण्यास मृत्यू पावल्या. ज्यांच्यावर लोकांचा विश्वास होता, त्यांनाच साथीने नेले. विश्वासाचा शब्द एकट्या व्यक्तीवर अवलंबून असला की असे होते. तो व्यक्तीमागून संस्थेकडे सोपविता येतो काय, हा येथे खरा प्रश्न आहे.

आपल्याकडील ग्रंथालयांच्या नावांतच या प्रश्नाचे अर्धे उत्तर दडलेले आहे. ‘वाचनालय’ आणि ‘ग्रंथसंग्रहालय’ हे दोन शब्द आपण जवळपास समानार्थी म्हणून वापरतो, परंतु ते तसे नाहीत. पहिल्यात भर वाचणाऱ्यावर आहे, दुसऱ्यात जपून ठेवण्यावर. महामारीत दोन्ही कामांची कसोटी लागते. पैकी जपून ठेवण्याच्या कामाविषयी एक योगायोग नोंदवावासा वाटतो. गॅटेकर यांच्यामागून मुंबईच्या प्लेग समितीचे अध्यक्षपद ज्यांच्याकडे आले, ते जेम्स कॅम्बेल हेच मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे संपादक होत. प्रदेशाचा तपशील वर्षानुवर्षे गोळा करणाऱ्या माणसाने साथीचाही अहवाल लिहिला, म्हणून राज्यकर्त्यांची बाजू आज आपणांस सविस्तर उपलब्ध आहे. चाळीतल्या बाजूचा असा कोणी कॅम्बेल नव्हता.

आता नायगावकडे वळू. ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग ज्या नायगावात आहे, ते नायगावही एका अर्थी साथीच्या इतिहासाचाच भाग आहे. प्लेगच्या अनुभवावरून १८९८ मध्ये मुंबई सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले आणि दादर-माटुंगा भागाची आखणी त्याने हाती घेतली. १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ, जिला आपले लोक ‘मानमोडी’ म्हणत, येऊन गेल्यावर १९२० मध्ये विकास खाते निघाले. त्याने वरळी, डिलाईल रोड, शिवडी आणि नायगाव येथे चाळी बांधल्या. त्यांतील ४२ चाळी नायगावच्या. तळमजला धरून चार मजले, एकेका चाळीत ८० खोल्या, आणि प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. शौचालये सामाईक. पुनर्विकासामुळे ही वस्ती आता पालटत आहे, परंतु २०२० मध्ये अनेक कुटुंबे त्याच खोल्यांत राहत होती.

१३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने साथरोग कायदा लागू केला. तो १८९७ चाच, अवघ्या चार कलमांचा. आर्थर रोडचे तेच रुग्णालय, आता कस्तुरबा या नावाने, पुन्हा आघाडीवर आले. ग्रंथालये बंद झाली, आणि महाराष्ट्रात ती उघडण्यास परवानगी मिळाली ती १५ ऑक्टोबर २०२० पासून. त्या दिवशी आपण वाचन प्रेरणा दिन पाळतो. मधल्या सात महिन्यांत उपाहारगृहांविषयी, मद्याच्या दुकानांविषयी पुष्कळ चर्चा झाली. ग्रंथालये उघडावीत म्हणून आवाज उठला तो त्या मानाने क्षीण होता. हे बंद करणे चूक होते असे मी म्हणत नाही. पुस्तकामधून रोग पसरेल ही भीतीही नवी नव्हे. इंग्लंडात १९०७ च्या कायद्याने संसर्गजन्य रोगाच्या रोग्यास सार्वजनिक ग्रंथालयाचे पुस्तक वापरण्यास मनाई केली होती. परत आलेली पुस्तके काही दिवस बाजूला ठेवण्याचा साधा उपाय २०२० मध्ये अनेक देशांतील ग्रंथालयांनी योजिला, आणि देवघेव चालू ठेवली. तक्रार आहे ती वेगळीच. ग्रंथालय ही चैनीची गोष्ट आहे असे गृहीत धरून निर्णय झाला, आणि आपण अभ्यासक मंडळींनीही ते गृहीत मुकाट्याने मान्य केले.

१६० चौरस फुटांच्या खोलीत पाचसहा माणसे राहतात तेथे अभ्यासिकेतील एक खुर्ची म्हणजे घराचाच वाढीव भाग असतो. परीक्षेस बसणारा मुलगा, वर्तमानपत्रासाठी येणारा निवृत्त कामगार, यांना ग्रंथालय बंद झाल्यावर पुस्तकापेक्षा जागा अधिक उणी भासली असणार. म्हणून वाचनालयाने साथीच्या काळात पहिली गोष्ट करावयाची ती जागेचा विचार: बसण्याच्या वेळा वाटून देणे, गच्ची, अंगण वा शाळेचा मोकळा वर्ग मागून घेणे. ते सर्वस्वी अशक्य असेल तेव्हा पुस्तक दारापर्यंत पोचविणे. आपल्याकडे १९६७ च्या कायद्यान्वये अनुदान घेणारी हजारो ग्रंथालये आहेत. त्यांचे कर्मचारी अत्यल्प वेतनावर काम करतात हे मात्र अशा सूचना करताना विसरता कामा नये.

दुसरी गोष्ट शब्दाची. फेब्रुवारी २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने माहितीच्या या गोंधळासाठी ‘इन्फोडेमिक’ हा शब्द वापरात आणला. मोमियाईची जागा आता दूरध्वनीवरून येणाऱ्या निनावी संदेशांनी घेतली होती. ‘विलगीकरण’, ‘प्रतिबंधित क्षेत्र’ हे शब्द शासकीय पत्रकांतून आले. चाळीने आपले निराळे घडविले: इमारत ‘सील केली’, शेजारी ‘पॉझिटिव्ह निघाला’. ‘निघाला’ या क्रियापदाकडे पाहावे. चोर निघाला, खोटा निघाला, तसाच पॉझिटिव्ह निघाला. रोग्याविषयीचा संशय व्याकरणात उतरला आहे. ही भाषा ज्याच्या कानावर आहे आणि पत्रकाची भाषाही ज्याला वाचता येते, असा मनुष्य वस्तीत बहुधा ग्रंथपालच असतो. शासकीय आदेश साध्या मराठीत फलकावर लिहिणे, आलेल्या प्रश्नाचे उत्तर कोठे मिळेल ते सांगणे, माहीत नसेल तर तसे म्हणणे, एवढे त्याने केले तरी लोखंड्यांच्या मागे राहिलेली जागा काही अंशी भरते. मात्र ही पत साथ आल्यावर मिळविता येत नाही. ती आधीच्या वर्षांत, रोजच्या देवघेवीत मिळालेली असावी लागते.

राहिले संग्रहाचे काम. ग्रंथसंग्रहालयाने १९६९ मध्ये मराठी नियतकालिकांची सूची प्रसिद्ध केली. १८०० ते १९५० एवढा तिचा आवाका आहे. प्लेगच्या काळात मराठी पत्रांतून काय लिहिले जात होते याचा माग काढू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने तेथूनच आरंभ करावा. २०२० विषयी असा माग काढावयाचा झाला तर काय हाती लागेल? शासनाचे आदेश मिळतील, वर्तमानपत्रे मिळतील. परंतु चाळीच्या जिन्यावर डकविलेल्या हस्तलिखित सूचना, धान्यवाटपाच्या याद्या, मंडळांनी काढलेली पत्रके, आणि हजारो लोकांनी एकमेकांस पाठविलेले ते खरेखोटे संदेश यांना कोणत्याही ग्रंथसूचीत स्थान नाही. त्यांतले काही अजून लोकांच्या कपाटांत आणि जुन्या दूरध्वनिसंचांत शिल्लक असेल. नायगावच्या चाळी पाडल्या जात असता कुटुंबे सामान बांधीत आहेत, आणि अशा वेळी प्रथम टाकून दिले जातात ते कागद.